माहीत आहे, थांबा

सोनकुसरे सर,

तुमच्या तेरवीला आपल्या शाळेची चौथीची मुलं आली होती. गावातल्या कुणीतरी धानाची गाडी दिली, तिच्यात उभी राहून भंडाऱ्यापर्यंत आली. जेवणाआधी तुमच्या मोठ्या भावांनी त्यांच्यातल्या एका मुलीला पुढे केलं आणि म्हणाले, "बाई, सरांबद्दल दोन शब्द बोल."

ती धीट आहे. उभी राहिली. "सर आमाले..." म्हणाली आणि अडली. मागच्या मुलांनी वर्गातल्यासारखी सुरुवात केली. "शिकवत होते!" "हसवत होते!" "रागवत होते!" ती प्रत्येकाला मान हलवून नाही म्हणत होती. डोळे वर, ओठ हलत होते. ती शब्दाच्या जवळ आली होती, मला दिसत होतं. तेवढ्यात तुमचे भाऊ ओरडले, "अरे, तेरवी आहे का तमाशा? चूप बसा!" मग तिच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनीच वाक्य पूर्ण केलं. "सर आमाले सोडून गेले, असंच म्हनाचं हाय ना तुले?"

"हो जी," ती म्हणाली आणि खाली बसली. बायकांनी डोळे पुसले.

तिला ते म्हणायचं नव्हतं, सर. जेवताना मी तिच्याजवळ जाऊन हळूच विचारलं. भाताकडे पाहत म्हणाली, "गेलं, मॅडम."

तुमच्या स्मरणिकेत तुमच्याबद्दल लिहायला मला सांगितलं आहे. तुमचा जन्म, नोकरी, सेवेची वर्षं हे सगळं दुसरे लिहितील, आणि ते बरोबरही असेल. मला त्या भिंतीबद्दल लिहायचं आहे.

जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला, त्यानंतरच्या बदल्यांच्या गडबडीत मी लाखनीपासून आत, तलावाच्या पाळीखालच्या त्या शाळेत आले. तुम्ही आधीपासून होता. दोन खोल्या आणि दोन शिक्षक. पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी तुमच्याकडे. मधली भिंत आढ्यापर्यंत पोचत नव्हती, त्यामुळे तुमचा वर्ग मला ऐकू यायचा आणि माझा तुम्हाला. आपली सगळी भांडणं त्या भिंतीवरून झाली. मी ज्या मुलाला सोडायची, ते तुम्हाला मिळायचं. एकाच मुलाची दोन वयं आपण वाटून घेतली होती, आणि आपलीच खरी असं दोघांनाही वाटायचं.

"मॅडम, तुमच्या वर्गातून पोरं नुसते हात घेऊन येते," तुम्ही म्हणायचात. "तोंड मले द्या लागते."

"हात नसते तर तुमच्यापर्यंत पोचली असती का?" मी म्हणायची.

चित्रांच्या तक्त्यावर एक कुलूप होतं. हा शब्द माहीत नाही असं एकही मूल गावात नव्हतं, रोवणीच्या दिवसांत तर सगळं गाव धानाच्या बांध्यांत असतं आणि दारादाराला तेच लटकलेलं असतं. तरी चित्रावर छडी ठेवली की शब्द पळायचा. पहिलीतलं मूल मनगट फिरवून दाखवायचं. कधी उठून दाराशी जायचं, कडीला हात लावायचं आणि माझ्याकडे बघायचं, आता तुम्ही म्हणा म्हणून. दुसरीतलं म्हणायचं, "बंद कराचं." तुमच्याकडे तिसरीत गेलं की तेच मूल शब्दाच्या घरापर्यंत चालत जायला लागायचं. "माय बांधीत जाते ना, तवा लावते. किल्ली बाजूच्या आजीपाशी देते." आणि चौथीत गेलेलं डोळे मिटून पुटपुटायचं, "किल्ली नाही, कडी नाही, कोंडा नाही... कु..." आणि मग तोंडभर हसायचं.

याबद्दल कुणी काही लिहिलं असेल म्हणून मी नागपूरहून पुस्तकं आणवली. तुम्ही म्हणालात, "वाचा ना. पोरं बरोबर विसरून राहिले का नाही, ते पुस्तकाले विचारून मले सांगा." पण मी वाचत असताना पानावर डोकवायचात, हेही मी पाहिलं आहे.

तुमच्या वर्गाचा एक नियम होता. अडलेल्या मुलाला शब्द द्यायचा नाही, शब्दाचा शेजारी द्यायचा. मूल अडलं की सगळा वर्ग शेजारी ओरडायचा, आणि त्या गलक्यात ते मूल आपला शब्द शोधत उभं राहायचं. एकदा एक मुलगा 'बदक'वर अडला. "कोंबडी!" "बगळा!" "हंस!" आणि मागून कुणीतरी म्हणालं, "केंद्रप्रमुख साहेब!" साहेबांची चाल सगळ्या शाळेला ठाऊक होती. भिंतीपलीकडे माझी पहिलीसुद्धा हसली. तुम्ही गंभीरपणे म्हणालात, "बाबू, शेजारी सांगतले होते. पाहुने नाही." आणि त्या हसण्यातच मुलाला बदक सापडलं.

या सगळ्यात तुम्हाला एका गोष्टीचं फार अप्रूप होतं. पहिली-दुसरीतलं मूल अडलं की "नाही येत" म्हणतं. त्याच्या लेखी न सापडणं आणि नसणं एकच असतं. तिसरीत कधीतरी, बहुतेक दिवाळीच्या सुट्टीनंतर, तेच मूल एक दिवस हात वर करून सगळ्यांना थांबवतं आणि म्हणतं, "माहीत हाय, थांबा." शब्द तोंडात नाही, पण आत आहे, हे त्याला कळलेलं असतं. तसं झालं की तुम्ही मधल्या सुट्टीत मुद्दाम सांगायला यायचात. "मॅडम, तुमची ती चिमनी आज 'थांबा' म्हनली." बाळाला पहिला दात आल्याचं सांगावं तसं.

आणि एक भांडण होतं, जे कधी मिटलं नाही.

पहिलीतली एक मुलगी, आईने काल घरी काय केलं ते सांगत होती. दोन्ही हात समोर धरून वरखाली हलवत होती. मी म्हटलं, "पाळणा हलवत होती का?" तिने मान डोलावली आणि "पाळणा" म्हणाली. मी फळ्यावर पाळणा काढला. खिचडीच्या वेळी तुम्ही त्या मुलीशी बोललात आणि माझ्याकडे आलात. तिच्या घरी तान्हं मूल नव्हतं. आई सुपात धान पाखडत होती.

"पाळणा कोणाचा, मॅडम? तुमचाच ना?" तुम्ही म्हणालात. "पोरीच्या हाताले तुमी तुमचा शब्द चिकटवला. तुमी म्हनल्यावर ते नाही कशी म्हनन?"

मी चिडले होते. "मग काय करायचं? सहा वर्षांच्या पोरीला ताटकळत ठेवायचं? रिकाम्या तोंडापेक्षा जवळचा शब्द बरा."

"जवळचा कोणाले?"

यावर आपण किती वर्षं बोललो, सर. मी अजूनही म्हणते की लहान मुलाला शब्द हातात द्यावा लागतो, सगळंच शोधायला लावलं तर ते बोलायचंच सोडून देईल. तुम्ही म्हणायचात, द्या, पण आधी मुद्दाम चुकीचा द्या. पाळणा वाटलं तर 'झाडू' म्हणा. पोराने मान हलवून नाही म्हटलं तर समजा की आपला शब्द ते राखून आहे. मग बरोबरचा द्या. हे मला पटलं नव्हतं, पण मी करायला लागले. 'झाडू' म्हटल्यावर माझी मुलं खदखदून हसायची आणि जोरात माना हलवायची. ती युक्ती तुमची होती, आणि त्या तेवढ्या नकारामुळे माझा वर्ग बदलला. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही फार मिरवलं असतं.

आणखी एक सांगायचं राहिलं. मी कमी बोलणारी आहे. माझी वाक्यं लोक पूर्ण करतात. घरी करतात, बैठकीत करतात, बसमध्ये कंडक्टरसुद्धा करतो. तुम्ही एकदाही केलं नाही. मी अडले की तुम्ही खिडकीबाहेर तलावाकडे बघत उभे राहायचात, जणू काही घाई नाही. त्या थांबण्यात मी जेवढं बोलले, तेवढं आयुष्यात कुठे बोलले नाही.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता, एका सकाळी तुमच्या वर्गातून गलका ऐकू आला. "पाटी!" "फळा!" "डस्टर!" "पेन्सिल!" मुलं खिदळत होती. मी माझ्या मुलांची बाराखडी घेत होते. मला वाटलं, कुणीतरी अडलं आहे. गलका चालूच राहिला. मग तो कमी झाला, आणि मग एकदम काहीच ऐकू येईना.

मी दारात आले. तुम्ही फळ्यासमोर उभे होता, उजवा हात पुढे, बोटं चिमटीत. मुलं गप्प होऊन तुमच्याकडे बघत होती. इतके शेजारी देऊनही सरांना सापडत नाही, असं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. तुम्ही माझ्याकडे पाहून हसलात आणि म्हणालात, "माहीत आहे, मॅडम. थांबा." खडूचा डबा तुमच्यासमोर टेबलावर होता.

मग नागपूर. डोक्यात डाव्या बाजूला गाठ निघाली. कवटी उघडून जेवढी निघाली तेवढी काढली, बाकीची राहिली, आणि ती वाढणार हे डॉक्टरांनी वहिनींना सांगितलं. आधी काय जाईल, हेही सांगितलं.

पहिल्यांदा भंडाऱ्याला तुमच्या घरी भेटायला आले, तेव्हा तुम्ही बरंच बोलू शकत होता. वहिनी चहा ठेवायला आत गेल्या तशी तुम्ही माझ्याकडे झुकलात. "मॅडम, घरचे मले शब्द भरवून राहिले. पानी का, चहा का, गोळी का. तुमी देऊ नका. शेजारी द्या."

"आणि नाही सापडला तर?"

"नाही सापडला तर नाही सापडला. पन मुखात कोणाचा घालू नका."

मी हो म्हटलं. त्यानंतर दर रविवारी लाखनीहून बस धरून येत राहिले. तुमच्या खाटेजवळच्या स्टुलावर बसून मी शेजारी दिले आणि तुम्ही शोधलंत. सुरुवातीला तुम्ही डोळे मिटून आवाज धरायचात, "क... का..." आणि कात्री निघायची. चौथीतल्यासारखं. मग आवाज धरता येईना, तेव्हा शब्दाची भावंडं मोजायला लागलात. सुई नाही, दोरा नाही. मग तेही गेलं आणि तुम्ही प्रसंग सांगायला लागलात. "ते... आई मागाच्या धाग्याले... तोडाले..." तुमच्या लहानपणीचा माग, आईचा हात, कोशाच्या रेशमाचा पिवळा धागा, सगळं यायचं, फक्त कात्री यायची नाही. मग एक दिवस नुसतं "कापाचं" म्हणालात.

मी हा रस्ता ओळखत होते. मुलांना मी त्यावरून वर जाताना पाहिलं होतं. तुम्हीही ओळखलं होतंत. एका रविवारी तुम्ही बोटाने खाली खूण करून म्हणालात, "दुसरी." मला आधी कळलं नाही. मग तुम्ही हसलात. मी हसू शकले नाही.

पल्लवी पुण्याहून सुट्टी टाकून आली, ती तुम्ही प्रसंगांवर होता त्या सुमाराला. तुमची एकुलती एक मुलगी. ती खाटेवर बसली, तुमचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "बाबा, मी कोण?"

तुम्हाला ती कोण हे पक्कं माहीत होतं. तुमचा चेहराच सांगत होता. तुम्ही बोललात, "माहीत आहे. थांबा." आणि शोधायला लागलात. आधी तुमच्या बहिणीचं नाव आलं, ते तुम्ही हात हलवून परत पाठवलंत. मग वर्गातल्या मुलींची नावं आली, हजेरी घ्यावी तशी. प्रणाली. प्रतिभा. पौर्णिमा. ज्या मुलींना शाळा सोडून जमाना झाला, त्याही आल्या. पल्लवी आली नाही. तुमच्या कपाळावर घाम आला.

"पिंकी, सांगून दे ना त्यांना," वहिनी म्हणाल्या. घरात सगळे तिला पिंकी म्हणतात, तुम्ही मात्र नेहमी पूर्ण नाव घ्यायचात.

पल्लवीने माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, ही शाळा नाही आहे. माझं नाव आहे ते. मी सांगते त्यांना, ते म्हणतील एकदा, संपलं."

मी काही म्हणायच्या आत तुम्ही डावा हात वर केलात. वर्ग थांबवताना करायचात तसा. पल्लवी उठून स्वयंपाकघरात गेली आणि तिथून तिच्या रडण्याचा आवाज आला. तुम्ही दाराकडे बघत पुन्हा म्हणालात, "थांबा."

ती थांबली, सर. सुट्टी वाढवली, मग घरूनच काम घेतलं. रोज सकाळी येऊन समोर बसायची. तिला एवढंच हवं होतं, की जाण्याआधी तुम्ही एकदा तिला नावाने हाक मारावी, आणि ती हाक तुमची असावी. तुम्हाला तिच्यापेक्षा जास्त हवं होतं. प्रत्येक रविवारी मी दारात पाऊल टाकलं की आधी तिच्याकडे बघायची आणि ती मान हलवायची.

मग तो रविवार आला. पल्लवी नेहमीसारखी बसली. तुम्ही तिच्याकडे पाहिलंत. मी 'थांबा'ची वाट पाहत होते. तुम्ही म्हणालात, "नाही येत."

सरळ, न रागावता. पहिलीतलं मूल म्हणतं तसं.

पल्लवीला त्याचा अर्थ कळला नाही, तिला वाटलं बाबांना आज बरं नाही. तिला समजावून सांगणं मला जमलं नाही. मी बसमध्ये बसले आणि लाखनी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. शोधणं थांबलं होतं. आत आहे, हे जे कळतं, तेच गेलं होतं.

त्यानंतर बोलणं राहिलंच नाही. उजवी बाजू लुळी पडली होती. डावा हात तेवढा चादरीवर फिरत राहायचा. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की शेवटी शेवटी माणूस पांघरूण चिवडतं, त्याला काही अर्थ नसतो, घाबरू नका.

शेवटच्या वेळी आले ती दुपार होती. पल्लवी खाटेच्या काठावर बसली होती. तुमचा हात चादरीच्या काठाशी चालू होता. "बघा ना, चैनच नाही हाताला," ती म्हणाली. मी पाहिलं. तीन बोटं होती. एक वरून जात होतं, एक खालून येत होतं, मग थोडं ओढून पुन्हा. काठाच्या दशा त्यात गुंतल्या होत्या.

पल्लवी लहान असताना वहिनी जवाहरनगरच्या फॅक्टरीत नोकरीला होत्या. त्यांची बस उजाडता निघायची, म्हणून पल्लवीची वेणी तुम्ही घालायचात. शनिवारी सकाळच्या शाळेला ती तुमच्यासोबत आपल्याकडे यायची, दोन वाकड्या वेण्या आणि त्यांना लाल रिबिनी. मी एकदा सरळ करून देऊ लागले तर तिने डोकं मागे घेतलं होतं. "बाबांनी घातली आहे."

"वेणी घालून राहिले ते," मी पल्लवीला म्हटलं. "तुझी."

तिने मानेवर हात नेला. तिचे केस आता कापलेले आहेत, मानेच्या वरपर्यंत. ती खाली जमिनीवर बसली, पाठ खाटेला टेकली आणि डोकं तुमच्या हाताखाली दिलं. तुमची बोटं तिच्या केसांवर आली. थोडी हलली. मग थांबली आणि तशीच राहिली. ती किती तरी वेळ तशीच बसून होती. वहिनी दारात उभ्या राहून रडत होत्या.

त्याच आठवड्यात तुम्ही गेलात.

आता घरात येणाऱ्या प्रत्येकाला पल्लवी सांगते की बोलणं गेल्यावर बाबांनी माझी वेणी घातली. आत्याला सांगितलं, शेजारच्यांना सांगितलं, तेरवीला आलेल्या मुलांनाही सांगितलं. ऐकणारे मान डोलावतात. मी कोपऱ्यात बसून ऐकते आणि भिंतीपलीकडून तुमचा आवाज येतो. वेणी कोणाची, मॅडम? तुमचीच ना?

मला माहीत नाही, सर. मी तीन बोटं पाहिली, हे खरं. पण मी आयुष्यभर मुलांचे हात वाचत आले आहे, आणि अशा माणसाला नुसतं पांघरूण चिवडणारा हात दिसतच नाही. तुम्ही शिकवलं होतंत, आधी चुकीचा शब्द द्यावा. मी म्हणू शकले असते, "सर, पांघरूण काढू का?" तुमची मान तेव्हा थोडी हलत होती. नाही म्हणता आलं असतं, कदाचित. मी विचारलं नाही. तुम्ही होकार दिलात तर काय, याची भीती वाटली. समोर ती पोरगी बसली होती. मी सुचला तो शब्द तिला देऊन टाकला. तुम्हाला हो म्हटलं होतं, ते मोडलं की पाळलं, हेही मला ठरवता येत नाही. तुमच्या तोंडात काही घातलं नाही. हाताला चिकटवलं.

हे लिहायच्या आधी मी पल्लवीकडे गेले. छापून आल्यावर तिने वाचण्यापेक्षा माझ्या तोंडून ऐकावं असं वाटलं. सगळं सांगितलं. पाळणा, सूप, झाडू, तुमचा नियम. ती शेंगा सोलत होती, सोलत राहिली.

"म्हणजे वेणी नव्हती असं म्हणता?"

"नव्हती असं नाही म्हणत. मला नक्की माहीत नाही, एवढंच म्हणते."

"मग कोणाला माहीत आहे?"

वहिनी आतून विचारत होत्या, मॅडमला चहा ठेवू का. पल्लवीने शेंगांचं ताट बाजूला सरकवलं.

"तुम्ही लिहा मॅडम, जसं आहे तसं लिहा," ती म्हणाली. "पण आता ते माझ्याकडून परत नका मागू."

मी मागितलेलं नाही, सर.